दाभणबाईची बोटभर पट्टी

महामंडळाच्या इमारतीला जमिनीवर आठ मजले होते आणि जमिनीखाली एक. वरच्या आठ मजल्यांवर जनतेच्या ठेवींतून मोठमोठी कर्जे मंजूर होत आणि खालच्या मजल्यावर त्या कर्जांचे अहवाल शिवले जात. हा खालचा मजला चौतीस वर्षे एकाच बाईच्या ताब्यात होता. तिचे खरे नाव हजेरीपटावर असेल. बाकी सर्वजण तिला दाभणबाई म्हणत. त्याला कारणे दोन होती. एक तर तिच्या हातात सदैव दाभण असे. दुसरे म्हणजे तिची जीभ त्या दाभणाची सख्खी बहीण होती.

बांधणीच्या खोलीला खिडकी नव्हती. छताजवळ एक लोखंडी जाळी होती आणि तिच्यातून रस्त्याने जाणाऱ्यांचे फक्त जोडे दिसत. दाभणबाई जोड्यांवरून माणूस ओळखी, आणि फार थोड्या जोड्यांविषयी तिचे मत चांगले होते. खोलीत चाकाचे दाबयंत्र होते, लांब पात्याचे कापणीयंत्र होते आणि कोपऱ्यातल्या शेगडीवर खळीचे पातेले होते. बाजारात झटपट चिकटणारे नाना प्रकारचे गोंद आले, परंतु तिने पिठाची शिजवलेली खळ सोडली नाही. गोंदाने चिकटवलेले पुस्तक म्हणजे खिळे ठोकलेली पेटी, पुढे दुरुस्त करायचे तर फोडावीच लागते, असे ती म्हणे. खळ मात्र ओल्या फडक्याने सुटते. ज्या उस्तादाने तिला हे काम शिकवले, त्याने पहिल्याच दिवशी बजावले होते की आपल्या मागून येणाऱ्याला उघडता येईल असेच बांधावे.

तिला अंक येत होते, अक्षरे येत नव्हती. पाने ती अंकांवरून लावी आणि पगाराच्या कागदावर अंगठा उठवी. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ती प्रौढांच्या वर्गात जाऊ लागली. कचेरीत तिने याचा पत्ता कोणाला लागू दिला नाही. घरी मात्र ते लपले नाही. नवरा लवकर गेल्यामुळे ती धाकट्या भावाकडे राहत असे. भावजय शेजारणीला म्हणाली की वन्संना म्हातारपणी शिंगे फुटली आहेत. दाभणबाईने ते ऐकले आणि उत्तर दिले की शिंगे नसलेल्यांनी जरा लांबून चालावे.

हा धाकटा भाऊ त्याच महामंडळात शिपाई होता. आठव्या मजल्यावर अध्यक्षांच्या दाराशी त्याचे स्टूल होते. राहते घरही महामंडळाचेच, त्याच्या नावावर मिळालेले. दोन खोल्या, एक ओटा, आणि ओट्याखाली दाभणबाईची पत्र्याची पेटी.

आता ती पाने कशी कापली गेली ते सांगतो. कायदा असा होता की प्रत्येक सार्वजनिक संस्थेने दरवर्षी पर्यावरण अहवाल काढावा आणि कोळसा, तेल व वायू यांच्या कोणत्या प्रकल्पांना आपण पैसा दिला आणि त्यातून किती टन धूर निघणार, याची यादी त्यात छापावी. त्या वर्षी छापखान्याने यादी छापली. तक्ता रुंद असल्याने अक्षरे पार घडीच्या खाचेपर्यंत शिरली होती. त्यावरून दाभणबाईने छापखान्याशी भांडणही केले होते. एकशेवीस प्रती शिवून दाबात ठेवल्या होत्या. तेव्हा वरून दूरध्वनी आला. प्रकाशन विभागाच्या साहेबांनी सांगितले की पान एक्याऐंशी ते अठ्ठ्याऐंशी सर्व प्रतींतून काढून टाका.

दाभणबाईने त्यांना समजावून पाहिले. सोळा पानांचा एक फर्मा असतो. त्यात मोठे कागद मधोमध दुमडून शिवलेले असतात. म्हणून फर्म्यातले प्रत्येक पान दुसऱ्या कुठल्यातरी पानाचे जुळे असते, आणि एकाला मुळापासून उपटले की दुसरे आपोआप हातात येते. साहेब म्हणाले, कसेही कर, पण सकाळी प्रती हव्यात.

तेव्हा तिने आपल्या विद्येप्रमाणे केले. पाने मुळापासून न कापता घडीपाशी बोटभर पट्टी राखून कापली, म्हणजे जुळी पाने दोऱ्यात धरून राहतील. प्रत्येक प्रतीत चार पट्ट्या राहिल्या. त्या तिने एकमेकींवर बसवून खळीने चिकटवल्या आणि वरून पातळ कागदाची एक पट्टी ओढली. पाहणाऱ्याला वाटावे की सांधा मजबूत केला आहे. कापलेली पाने पोत्यात भरली. ते पोते न्यायला आठव्या मजल्यावरून माणूस पाठवला होता, आणि तो माणूस म्हणजे तिचाच भाऊ. त्याने पोते खांद्यावर टाकले आणि कागदाचा भुगा करणाऱ्या यंत्राकडे नेले. काय छापले होते हे दोघांपैकी एकानेही विचारले नाही.

पुढे एका निवृत्त भूगोल शिक्षिकेच्या हाती तो अहवाल पडला. तिची आयुष्यभराची ठेव महामंडळातच होती. तिला पान ऐंशीनंतर एकदम एकोणनव्वद दिसले. तिने चार जणींना गोळा केले, पत्रे लिहिली, उत्तरे आली नाहीत, आणि प्रकरण न्यायालयात गेले. मागणी एवढीच होती की आमच्या पैशाने कोणता कोळसा जळतो ते कायद्याप्रमाणे आम्हाला सांगा. महामंडळाने लेखी उत्तर दिले. त्यात असे म्हटले होते की कोणतीही यादी कधी छापलीच नव्हती. मधली पाने टिपणांसाठी कोरी सोडली होती, आणि बांधणीच्या दोषामुळे ती गळून पडली.

हे उत्तर दाभणबाईला कळले ते असे. एके सकाळी जाळीतून ओळखीचे चकाकते जोडे दिसले आणि थोड्या वेळाने तेच जोडे जिना उतरून खाली आले. चौतीस वर्षांत प्रकाशन विभागाचा कोणी साहेब त्या जिन्याने उतरला नव्हता. साहेबांनी खोलीभर नजर फिरवली, बसायला काही स्वच्छ दिसले नाही म्हणून उभेच राहिले, आणि एक कागद पुढे केला. नेहमीचाच कागद आहे, इथे अंगठा उठव, असे सांगून त्यांनी शाईची डबी उघडली.

दाभणबाईने हात पुसले, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवले. साहेब घड्याळ पाहू लागले. बोट सावकाश सरकत होते. चौथ्या ओळीवर ते थांबले, मागे गेले आणि पुन्हा थांबले.

"साहेब, इथं लिहिलंय की माझ्या सदोष बांधणीमुळे पानं गळाली."

साहेबांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नुसते आश्चर्य होते, कपाट बोलल्यासारखे. "तू वाचतेस?"

"तुम्ही लिहिता म्हणून वाचावं लागतं."

साहेबांनी मग गोड बोलून पाहिले. हा फक्त उपचार आहे, कोणी तुला काही विचारणार नाही, निवृत्तीला एक वर्ष राहिले आहे ते सुखाने काढ. दाभणबाईने कागद त्यांच्या हाती परत दिला आणि सांगितले की गेल्या चौतीस वर्षांत तिच्या हातून एक पान गळालेले नाही, आणि नसलेल्या पापाला ती अंगठा लावणार नाही. साहेब जाताना म्हणाले की पाण्यात राहून माशाशी वैर बरे नव्हे. ती म्हणाली की मासा कोण ते पाणी आटल्यावर कळेल.

संध्याकाळी घरी पोचेपर्यंत बातमी तिच्या आधी पोचली होती. भाऊ जेवायला बसला नव्हता. तिला पाहताच तो म्हणाला की अक्का, तुला वेड लागले आहे का? अध्यक्षांनी स्वतः त्याला आत बोलावले होते. दोन वाक्ये बोलले होते आणि दुसऱ्या वाक्यात घराचा उल्लेख होता. भावजय ताटे मांडत होती. दाभणबाईचे ताट तिने असे आपटले की आतली वाटी उलटली, आणि ती कोणीच सरळ केली नाही.

भावाचे म्हणणे मूर्खपणाचे नव्हते, हे दाभणबाईलाही मान्य होते. गळाली म्हटले तर फक्त तिच्या नावाला बट्टा लागणार होता. कापली म्हटले तर कोणी कापली, कोणाच्या हुकमाने कापली, कापलेली पाने कोणी नेली, असे एकामागून एक विचारले जाणार होते, आणि ती साखळी शेवटी त्याच्या खांद्यावरच्या पोत्याशी येऊन थांबणार होती.

"पान गळालं म्हणून कुणाला घराबाहेर काढत नाहीत," भाऊ म्हणाला. "गळालं म्हण आणि मोकळी हो. नाव काय ताटात वाढायचंय?"

"माझ्या ताटात दुसरं आहेच काय?" दाभणबाईने उलटलेल्या वाटीकडे पाहत विचारले.

भावजय म्हणाली की ज्या घराची सावली घ्यायची त्याच घराचे वासे मोजायचे, ही वन्संची जुनीच खोड आहे. त्या दिवसापासून त्या घरात तीन माणसे दोन खोल्यांत एकमेकांना न शिवता वावरू लागली. ही कला सोपी नाही.

आठवड्याने कचेरीत तिला लेखी ठपका मिळाला. बाहेरच्या एका तज्ज्ञाने तिच्या बांधणीची तपासणी केली असून ती निकृष्ट आहे, असे त्यात म्हटले होते. तज्ज्ञाने पुस्तक न उघडता हे ठरवले होते हे उघड होते, कारण उघडले असते तर पट्ट्या दिसल्या असत्या. ज्या मुलींना तिने शिवण शिकवली होती, त्या आता तिला पाहून जिना बदलू लागल्या. मुद्रण विभागाच्या लेखनिकाने तिच्या दारावर खडूने लिहिले की येथे पाने गाळून मिळतील. दाभणबाईने ते बोट लावून पूर्ण वाचले आणि पुसले नाही.

दुसऱ्याच दिवशी ती त्या भूगोल शिक्षिकेच्या वकिलीणबाईंकडे गेली. वकिलीणबाई तरुण होत्या, त्यांच्या टेबलावर कागदांचे डोंगर होते आणि स्वभाव उत्साही होता. त्यांनी तिचे दोन्ही हात धरले आणि तुमच्यासारख्या धैर्यवान स्त्रियांची देशाला गरज आहे, असे काहीसे बोलू लागल्या. दाभणबाईने हात सोडवून घेतले.

"धैर्य-बिर्य काही नाही. तुमची पानं मीच कापली आहेत. मी तुमच्या बाजूची नाही. माझी बांधणी गळत नाही, एवढं सांगायला आले आहे."

वकिलीणबाई प्रामाणिकपणे म्हणाल्या की एवढेच सांगून थांबता येणार नाही. शपथ घेतल्यावर समोरचे जे विचारतील त्याला उत्तर द्यावे लागेल, आणि पोते कुठे गेले हे ते नक्की विचारतील. दाभणबाईला इकडे आड आणि तिकडे विहीर दिसली. गळाली म्हटले तर हात नादान ठरत होता. कापली म्हटले तर हात चोर ठरत होता, आणि भावाचा हातही त्यात येत होता. तीन दिवस ती नुसता दोरा मेणावरून ओढत राहिली. चौथ्या दिवशी, भाऊ कामावर निघताना, तिने त्याला उंबऱ्यावर सांगितले की मी जाणार आहे, आणि विचारले तर तुझे नावही सांगणार आहे. मागून कळण्यापेक्षा तोंडावर कळलेले बरे. भावाने जोड्यात पाय घातला आणि तिच्याकडे न पाहता म्हणाला की आजपासून त्याला बहीण नाही.

न्यायालयाची खोली बांधणीच्या खोलीपेक्षा उंच होती, पण हवा तशीच कोंदट होती. महामंडळाच्या बाकावर चकाकते जोडे बसले होते. सर्वांत मागच्या रांगेत भाऊ होता. काय घडते ते वर सांगण्यासाठी त्याला पाठवले होते.

महामंडळाचे वकील मृदू आवाजाचे होते, आणि असा आवाज जास्त कापतो. त्यांनी विचारले की बाईंचे शिक्षण किती झाले आहे.

"सध्या दुसरं पुस्तक चालू आहे."

खोलीत हशा पिकला. वकीलही हसले आणि म्हणाले की म्हणजे तो अहवाल छापला तेव्हा तुम्हाला वाचता येत नव्हते. तिने मान्य केले. मग त्या पानांवर काय होते हे तुम्ही सांगू शकत नाही. तिने तेही मान्य केले.

"म्हणजे ती पानं कोरी असू शकतील?"

"कोरं पान आणि छापलेलं पान ओळखायला शाळा लागत नाही. शाई बोटाला लागते."

वकिलांनी सूर बदलला. पाने गळाली नाहीत, हे ती कशावरून म्हणते? स्वतःच्या कामाची बाजू तर प्रत्येक कारागीर घेतोच.

"गळणारं पान एकटं जात नाही," दाभणबाई म्हणाली, "जाताना जुळ्यालाही घेऊन जातं. इथं एक्याऐंशी ते अठ्ठ्याऐंशी गेली आहेत, आणि त्यांची जुळी, एकोणनव्वद ते शहाण्णव, जागच्या जागी आहेत. ओढून बघा."

वकिलांनी पुस्तकाला हात लावला नाही. न्यायमूर्तींनी मात्र आपल्यापुढची प्रत उघडली, एकोणनव्वदावे पान दोन बोटांत धरले आणि ओढले. पुन्हा जोराने ओढले. कोपरा फाटला. पान आले नाही.

मग दाभणबाईने भांडेभर पाणी आणि एक स्वच्छ फडके मागितले. पुराव्याची नासधूस होईल म्हणून महामंडळाच्या वकिलांनी हरकत घेतली. न्यायमूर्तींनी पुराव्यात दाखल असलेल्या तीन प्रतींपैकी एक प्रत तिला देण्यास सांगितले. तिने फडके भिजवून पिळले, खाचेतल्या पातळ पट्टीवर दाबून धरले आणि स्वस्थ उभी राहिली. एक मिनिट गेले, तीन गेली. वकिलांनी खाकरून विचारले की आणखी किती वेळ. खळीला घाई चालत नाही, असे तिने त्यांच्याकडे न पाहता सांगितले. सातव्या मिनिटाला तिने नखाने कडा उचलली. वरचा कागद सालीसारखा निघाला, आणि त्याखालच्या चार पट्ट्या एकेक करून सुट्या झाल्या.

बोटभर रुंदीच्या त्या पट्ट्यांच्या एका बाजूस तक्त्याचे अनुक्रमांक होते. पहिल्या पट्टीवर एक ते चार, दुसरीवर नऊ ते बारा, तिसरीवर सतरा ते वीस, चौथीवर पंचवीस ते अठ्ठावीस. पुढचे सारे कापून गेले होते. पट्टी उलटली की मागच्या बाजूस टनांच्या रकान्याची फक्त शेपटे उरली होती. खाली खाली, प्रत्येक ओळीत, तीन तीन शून्ये.

न्यायमूर्तींनी चष्मा काढून पाहिले. मग महामंडळाच्या वकिलांना विचारले की कोऱ्या पानांवर अनुक्रमांक घालण्याची त्यांच्याकडे पद्धत आहे काय. वकील खाली बसले, सहाय्यकाशी कुजबुजले आणि पुन्हा उठले. आता आवाज मृदू नव्हता.

"पानं कोणी कापली?"

"मी."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

तिने चकाकत्या जोड्यांकडे बोट दाखवले.

"आणि कापलेली पानं? ती कुठं आहेत, बाई? की ती तुम्ही फक्त मनातल्या मनात कापलीत?"

दाभणबाईने मागच्या रांगेकडे पाहिले. भाऊ तिच्याकडे पाहत नव्हता. तो स्वतःच्या खांद्याकडे पाहत होता, त्याच खांद्याकडे.

"पोत्यात भरून भुग्याच्या यंत्राकडे गेली. माझ्या धाकट्या भावानं नेली. मी हुकमानं कापली, त्यानं हुकमानं नेली. आम्हा दोघांना कुणी विचारलं नव्हतं, आणि आम्हीही कुणाला विचारलं नाही. ते आमचं चुकलं. पण बांधणी चुकलेली नाही."

भाऊ उठून गेला. दार त्याने आपटले नाही, हलकेच लावले. दाभणबाईला आपटलेले दार अधिक बरे वाटले असते.

निकाल दोन महिन्यांनी लागला. पूर्ण यादीसह अहवाल नव्याने छापावा, असा आदेश झाला. हुकूम पाळणाऱ्या लहान माणसांना नोकरीवरून काढू नये, असेही न्यायमूर्तींनी लिहिले. महामंडळाने तो शब्द तंतोतंत पाळला. भावाला काढले नाही, त्याचे स्टूल काढले. आठव्या मजल्यावरून ते फाटकाशी आले, जिथे सकाळपासून ऊन असते आणि प्रत्येक जाणारा विचारतो की वरून खाली कसे. दाभणबाईलाही काढले नाही, तिच्या बांधणीच्या खोलीला कुलूप लावले. अहवाल आता बाहेर यंत्रावर गोंदाने चिकटवले जाणार होते. चकाकते जोडे बढतीवर दुसऱ्या शहरी गेले. घर मात्र तूर्त राहिले.

घरात भाऊ तिच्याशी बोलत नसे. तिला ऐकू जाईल अशा आवाजात बायकोला सांगे की त्यांना म्हणावे पाणी तापले आहे. दाभणबाई भावजयीला सांगे की त्यांना म्हणावे मला डोळे आहेत. भावजय दोघांमधला निरोप्या होऊन थकली आणि एके दिवशी म्हणाली की उद्या मी मेले तर तुम्ही दोघे निरोप कोणाकरवी पाठवाल.

चार महिन्यांनी नवा अहवाल निघाला. फाटकावर गठ्ठे उतरवून घ्यायचे काम भावाकडेच होते. त्यातली एक प्रत त्याने घरी आणली आणि दाभणबाईसमोर जमिनीवर टाकली.

"बघ. तुझ्यावाचून बांधलं त्यांनी."

चार महिन्यांतले ते त्याचे पहिले वाक्य होते. दाभणबाईने पुस्तक उचलले, मधोमध उघडले आणि दोन्ही हातांनी जरा दाबले. पाठ कडकन वाजली. यादीची पाने सुटून तिच्या मांडीवर आली. तिने ती मोजली. चार पाने होती, दोन्ही बाजूंनी छापलेली. मग पहिल्या ओळीवर बोट ठेवून ती वाचू लागली. खाण, कुठल्या देशातली, किती टन. दुसरी ओळ. तिसरी. बोट सावकाश उतरत होते आणि खोलीत दुसरा आवाज नव्हता. एकतिसाव्या ओळीला पोचेपर्यंत भावजयीने दिवा लावला होता.

दाभणबाईने ओट्याखालची पेटी ओढली. तिच्यातून दाभण काढला, मेणाचा तुकडा काढला, दोरा काढला, आणि पुस्तकाचा गोंद खरवडायला घेतला.

"आता कशाला?" भाऊ भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "जिंकलीस ना?"

"गळतील," ती म्हणाली.

भाऊ तसाच पाठ करून बसून राहिला, आणि दाभण आत-बाहेर जाताना होणारा आवाज तिघांनाही ऐकू येत होता.